आतून निघणारे ट्रक: वस्तीतल्या एका रस्त्यावरच्या बंदीचं प्रकरण

दोन मोठ्या रस्त्यांना जोडणारा ९०० मीटरचा रस्ता. डांबरी पट्टा साडेसात मीटर रुंद, एका कडेला कायम उभ्या गाड्या, दोन्ही बाजूंना तीन-चार मजली इमारती, मध्यावर शाळा, एका टोकाला दहा-बारा दुकानं आणि फर्निचरचं गोदाम. मोठ्या रस्त्यानेच जायचं तर पुढच्या सिग्नलला उजवीकडे वळावं लागतं आणि अंतर १.६ किलोमीटर पडतं. म्हणून ट्रक आतून निघतात. रहिवाशांची मागणी एका ओळीची आहे: जड वाहनांना बंदी घाला. (हा रस्ता आणि त्याचे आकडे हिशेब दाखवण्यासाठी धरलेले आहेत. हिशेबाची रीत आणि गाडं अडण्याच्या जागा मात्र कुठल्याही शहरात लागू पडतात.)

मागणी रास्त आहे, पण ती जशीच्या तशी आदेशात उतरवली तर गोदामाचा ट्रक, कचऱ्याची गाडी, पाण्याचा टँकर आणि घर हलवणाऱ्याचा टेम्पो हे सगळे पहिल्याच दिवशी गुन्हेगार ठरतात. मग सवलती सुरू होतात, सवलतींचा गैरफायदा घेतला जातो आणि फलक नुसता शोभेला उरतो. अडवायचा आहे तो या रस्त्यावर काहीच काम नसलेला ट्रक. तो ओळखायचा कसा आणि त्याने जायचं कुठून, असे दोन प्रश्न आहेत. यातला दुसरा आधी सोडवावा लागतो. फसलेल्या बहुतेक बंद्यांमध्ये त्याला हातच लावलेला नसतो.

ट्रक आतून का निघतात

चालकाच्या बाजूने हिशेब मांडला की चित्र स्वच्छ होतं. वस्तीतून ताशी २५ किलोमीटरने ९०० मीटर कापायला १३० सेकंद लागतात. मोठ्या रस्त्याने ताशी ४० ने १.६ किलोमीटरला १४४ सेकंद, वर सिग्नलची वाट. सिग्नलचं चक्र १२० सेकंदांचं आणि त्यात उजव्या वळणाला १५ सेकंद हिरवा असेल, तर सरासरी थांबणं ४६ सेकंदांच्या आसपास येतं. म्हणजे १९० विरुद्ध १३०. वाचतो फक्त एक मिनिट, आणि एका मिनिटासाठी अवजड गाडी कुणी अरुंद रस्त्यात घालत नाही.

खरी गोम त्या १५ सेकंदांत आहे. सुरुवातीचा उशीर वजा करता हातात साधारण १२ सेकंद उरतात. कार दोन सेकंदांत निघून जाते, भरलेल्या ट्रेलरला वळायला पाच-सहा सेकंद लागतात. एका हिरव्यात दोन ट्रेलर गेले की संपलं; तिसरा पुढच्या चक्राला. तिथे आणखी १२० सेकंद जातात आणि आतल्या रस्त्याचा फायदा एकदम तीन मिनिटांवर जातो. शिवाय वळणाची मार्गिका ४० मीटरची असेल तर १६ ते १८ मीटर लांबीच्या दोनच गाड्या तीत मावतात. तिसरीचं शेपूट सरळ जाणाऱ्यांच्या वाटेत येतं, मागून हॉर्न सुरू होतात. असा अनुभव दोनदा आला की चालक आधीच्याच फाट्यावर गाडी आत वळवतो.

त्यामुळे पहिलं काम वस्तीत नसून चौकात आहे. वस्तीतून हटवलेल्या ट्रकमुळे गर्दीच्या तासाला ३० गाड्या वाढणार असतील, तर तासाच्या ३० चक्रांत प्रत्येकी एक ट्रक वाढतो. त्याला पाच-सहा सेकंद जादा हिरवा हवा आणि मार्गिकेची लांबी आणखी २० मीटर हवी. सेकंद कुठून काढायचे हे चौकात उभं राहून बघावं: ज्या दिशेची रांग हिरवा संपण्याआधीच रिकामी होते, तिथले. पादचाऱ्यांच्या टप्प्यातून ते काढू नयेत. म्हातारं माणूस अर्ध्या रस्त्यात अडकतं. त्याच फेरीत पर्यायी रस्त्यावरच्या पुलाची भारक्षमता, आडव्या तारांची उंची आणि ट्रेलर वळताना मागची चाकं दुभाजकावर चढतात का, हेही पाहून घ्यावं. यातलं एकही जमत नसेल तर बंदीची तारीख पुढे ढकलावी. आधी चौक, मग बंदी; हा क्रम उलटा झाला की चौक तुंबतो आणि बंदी उठवण्याची मागणी दुसऱ्या बाजूने येते.

मोजणी

नुसती ट्रकची संख्या कामाची नाही. ‘दिवसाला ४२० ट्रक’ या आकड्यावरून किती अडवायचे ते कळत नाही. त्यासाठी दोन्ही तोंडांना नंबरप्लेट टिपाव्या लागतात: वेळ, क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, आणि गाडीचा प्रकार चाकांवरून (सहाचाकी, दहाचाकी, त्याहून मोठी, ट्रेलर, टँकर, कचरागाडी). एका तोंडाला शिरलेली गाडी ठरावीक वेळेत दुसऱ्या तोंडाला दिसली, तर ती आरपार गेली. शिरली त्याच तोंडाने परतली किंवा बऱ्याच वेळाने दिसली, तर तिचं इथे काम होतं.

ही ‘ठरावीक वेळ’ आधी मनाने ठरवू नये. सगळ्या जोड्यांचे कालावधी आलेखावर मांडले की सहसा दोन उंचवटे दिसतात: एक दोन-चार मिनिटांचा आरपार गाड्यांचा आणि एक पंधरा मिनिटांच्या पुढचा, माल उतरवून निघालेल्यांचा. मधल्या खोलगट भागात सीमा धरावी. आपल्या रस्त्यावर ती सहा मिनिटं ठीक ठरते. शाळा सुटण्याच्या वेळी रस्ता तुंबतो, तेव्हा आरपार गाडीलाही आठ मिनिटं लागू शकतात. त्या अर्ध्या तासासाठी सीमा वेगळी ठेवावी, नाहीतर तेवढे आरपार ट्रक स्थानिक म्हणून मोजले जातात.

मोजणी बिघडते ती फार साध्या कारणांनी. दोन टोकांच्या घड्याळांत दोन मिनिटांचा फरक असतो, म्हणून सुरुवातीला आणि दर चार तासांनी घड्याळं जुळवावीत. मागची प्लेट चिखलाने झाकलेली असते, म्हणून पुढची टिपावी. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा एवढंच मोजणं. ज्या शहरात दिवसा अवजड वाहनांना प्रवेश नाही, तिथे आरपार ट्रकचा लोंढा रात्रीच येतो. सोळा तासांची मोजणी हातात घेऊन ‘तक्रार अतिशयोक्त आहे’ असा निष्कर्ष काढला जातो आणि झोपमोड झालेल्या माणसाला खोटं पाडलं जातं. चोवीस तास मोजावं, एक कामाचा दिवस आणि एक सुट्टीचा. त्याच दिवशी जवळच्या समांतर गल्ल्याही मोजाव्यात. बंदीनंतर ट्रक तिकडे सरकले का, हे पुढे विचारलं जाणारच आहे आणि आधीचा आकडा नसेल तर उत्तर देता येत नाही.

आपल्या रस्त्यासाठी धरू: सहा किंवा अधिक चाकांच्या ४२० गाड्या, त्यांतल्या ३०० आरपार, १२० कामाच्या. आरपार गाड्यांपैकी १८० रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांत, म्हणजे सरासरी दर दोन मिनिटं चाळीस सेकंदांनी एक. कामाच्या गाड्या रात्री फक्त १५.

आवाज, हादरे आणि चेंबरचं झाकण

तक्रार आवाजाची असते, पण आवाज मोजण्याची रीत चुकली तर यशस्वी बंदीही कागदावर फसलेली दिसते. डेसिबल ही लघुगणकी (लॉगरिदमिक) मोजपट्टी आहे. गाड्यांची संख्या निम्मी झाली की सरासरी पातळी फक्त ३ डेसिबलने उतरते आणि एवढा फरक कानाला जेमतेम जाणवतो. रात्रीच्या १९५ ट्रकचे ५१ झाले, तरी ट्रकच्या आवाजाची सरासरी ६ डेसिबलच्या आतच घटते. पण माणूस सरासरीने जागा होत नाही, एकेका धडाक्याने होतो. आणि ते धडाके १९५ वरून ५१ वर आलेले असतात. म्हणून सरासरीबरोबर खिडकीशी ठरावीक पातळी ओलांडणाऱ्या आवाजांची रात्रीची संख्या नोंदवावी. ती आधीही हवी, नंतरही.

यातले बरेच धडाके इंजिनाचे नसतातच. रिकामा ट्रक गतिरोधकावरून गेला की फाळका आणि त्याच्या साखळ्या आपटतात. त्यामुळे ट्रक रोखायला गतिरोधक वाढवणं हा उपाय रात्रीच्या झोपेच्या मुळावरच येतो, तरी तो सर्रास केला जातो.

दुसरा अपराधी रस्त्याच्या मधोमध असतो. चेंबरच्या झाकणाची लोखंडी चौकट मसाल्याच्या थरावर बसवलेली असते. चाकांच्या दणक्याने तो थर भुगा होतो, पाणी शिरून भुगा वाहून जातो, चौकट एका कोपऱ्यात काही मिलिमीटर खचते आणि झाकण डुगडुगू लागतं. मग प्रत्येक आस (चाकांची जोडी जोडणारा दांडा, अ‍ॅक्सल) त्यावरून जाताना दोन ठोके देतो, एक चढताना, एक उतरताना. पाच आसांच्या ट्रेलरचे दहा ठोके. शेजारच्या भिंतीला हादरा बसतो तो बहुतेक वेळा इथूनच. यावर कुठल्याही आदेशाची वाट पाहावी लागत नाही. चौकट उखडून खालचा थर साफ करायचा, आकुंचन न पावणाऱ्या, लवकर पक्क्या होणाऱ्या सिमेंटी मसाल्यावर ती डांबराच्या पातळीत बसवायची, झाकणाखाली रबरी पट्टी घालायची आणि मसाला पकडेपर्यंत वर चाक येऊ द्यायचं नाही. बंदीच्या फायलीला महिने लागतील. हे काम एका रात्रीचं आहे आणि पहिला दिलासा यातूनच मिळतो.

रस्त्याच्या झिजेचं गणितही फायलीत जोडावं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ओटावा इथे १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून पुढे आलेला ठोकताळा असा की रस्त्याची झीज आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. अर्ध्या टनाचा आस असलेल्या कारपुढे दहा टनांचा आस वीसपट जड, पण झीज वीसचा चौथा घात, म्हणजे १,६०,००० पट. रस्त्याच्या थरांप्रमाणे हा घात कमीजास्त होतो, तरी ‘ट्रक काय आणि कार काय’ या युक्तिवादाला एवढं उत्तर पुरेसं आहे.

कोणता ट्रक, कोणता आदेश

मर्यादा वजनावर घालायची की चाकांवर? दोन्ही पद्धती जगात चालू आहेत. लंडनमध्ये १९८५ पासून रात्री आणि शनिवार-रविवारी १८ टनांपेक्षा जास्त कमाल भाराच्या लॉऱ्यांवर नियंत्रण आहे. परवाना असलेल्यांनीही शक्य तितकं मोठ्या रस्त्यांच्या जाळ्यावरून यावं आणि अगदी शेवटी नियंत्रित रस्त्यावर उतरावं, अशी अट आहे. न्यूयॉर्कच्या नियमात ट्रक म्हणजे दोन आस आणि सहा टायर, किंवा तीन वा अधिक आस. तिथे मुक्कामाच्या सगळ्यात जवळच्या चौकापर्यंत नेमून दिलेल्या ट्रकमार्गावरूनच जावं लागतं.

वजनाची मर्यादा कागदावर नेमकी असते, पण रात्री दोन वाजता शिपायाला कागद मागावे लागतात. तेही नोंदणीतलं कमाल वजन पाहायचं, त्या वेळचा भार नव्हे. हा घोळ वारंवार होतो आणि ‘गाडी रिकामी आहे’ म्हणत चालक निघून जातो. चाकं मात्र दुरूनही मोजता येतात, कॅमेऱ्यालाही. वस्तीच्या रस्त्यासाठी चाकांचा निकष उजवा. एक पथ्य मात्र पाळावं: पूल कमकुवत आहे म्हणून घातलेली वजनमर्यादा आणि शांततेसाठी घातलेली मर्यादा एकाच आदेशात कालवू नये. पुलाच्या मर्यादेला स्थानिक कामाचा अपवाद असूच शकत नाही, शांततेच्या मर्यादेला तो असावाच लागतो.

कायद्याचा आधार देशोदेशी वेगळा. भारतात मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ खाली राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी विशिष्ट रस्त्यावर विशिष्ट वर्गाच्या वाहनांना मनाई करू शकतो. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना आणि रस्त्यावर फलक लागतात. मनाई एक महिन्याच्या आतली असेल तर राजपत्राची गरज नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. ब्रिटनमध्ये प्रायोगिक आदेश अठरा महिन्यांपर्यंत चालवता येतो. एक महिन्याची चाचणी फलकांच्या जागा आणि चौकातली रांग तपासायला उपयोगी आहे. बंदी यशस्वी की अयशस्वी हे मात्र तेवढ्यात ठरवू नये. बाहेरगावचे चालक महिन्यातून एखादीच फेरी करतात, त्यांना नवा मार्ग अंगवळणी पडायला वेळ लागतो.

आदेशाचा गाभा तीन वाक्यांत बसतो. सहा किंवा अधिक चाकांच्या मालवाहू वाहनांना या रस्त्यावर प्रवेश बंद. या रस्त्यावरच्या, किंवा फक्त या रस्त्यानेच पोहोचता येणाऱ्या गल्ल्यांमधल्या, जागेत माल चढवण्या-उतरवण्याचं काम असलेली वाहनं वगळून. अग्निशमन, कचरा, पाणी, वीज आणि मलनिःसारणाची कामावरची वाहनंही वगळून. दुसऱ्या वाक्यातला गल्ल्यांचा उल्लेख राहिला तर त्या गल्ल्यांतल्या लोकांचा मालच अडकतो. आणि ‘स्थानिक वाहनं वगळून’ एवढंच लिहिलं तर जवळपास राहणारा ट्रकमालकही स्वतःला स्थानिक म्हणतो. कामाचा पुरावा काय, तेही आदेशातच असावं: या हद्दीतला पत्ता असलेली बिल्टी (वाहतूकदाराने दिलेली मालाची पावती) किंवा डिलिव्हरी चलन.

फलक चौकाआधी

बंदीचं भवितव्य गल्लीच्या तोंडाशी ठरत नाही, त्याआधीच्या चौकात ठरतं. ट्रेलर एकदा तोंडाशी वळला की त्याला मागे घेणं अशक्य असतं. मागे वाहतूक तुंबते आणि उभा असलेला पोलीसच ‘जा बाबा पुढे’ म्हणतो. म्हणून फलकांच्या तीन पायऱ्या लागतात. पहिला, वळायच्या फाट्याआधी सुमारे ३०० मीटरवर, नकाशासारखा: पुढचा फाटा ट्रकला बंद, सरळ जा, सिग्नलला उजवीकडे. ताशी ४० ने येणारा चालक सेकंदाला ११ मीटर सरकतो; वाचून, मार्गिका बदलून, मागच्याला इशारा द्यायला त्याला अर्धा मिनिट मिळायला हवं. दुसरा फलक फाट्यावरच, सरळ बाणासह. तिसरा तोंडाशी, दोन्ही बाजूंना; कायद्याच्या दृष्टीने हा महत्त्वाचा, कारण दंडाचा आधार तोच. हीच रचना दुसऱ्या टोकालाही.

चित्र हवं, मजकूर कमी. लाल कडेच्या वर्तुळातली ट्रकची आकृती १९६८ च्या व्हिएन्ना करारातून जगभर रुळली आहे आणि परप्रांतातल्या चालकालाही कळते. रात्रीची वाहतूक जास्त, म्हणून प्रकाश परतवणारा चांगल्या प्रतीचा पत्रा वापरावा. फलक लावल्यावर रात्री ट्रकच्या केबिनच्या उंचीवरून एक फेरी मारावी: झाडाची फांदी किंवा उभी बस आड येते का, ते दिवसा पदपथावरून कळत नाही.

मोबाइलवरचा नकाशा हा चौथा फलक. आदेशाची प्रत नकाशा-सेवांना पाठवावी. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर अशा रस्त्याला ‘एचजीव्ही’ (जड मालवाहू वाहन) हा गुण ‘डेस्टिनेशन’ (फक्त तिथे काम असेल तर) या मूल्यासह लावता येतो. मात्र बरेच चालक कारचाच मार्गदर्शक लावून निघतात, त्याला ही खूण दिसत नाही. त्यापेक्षा ट्रान्सपोर्ट नगरातल्या आणि गोदामांच्या बुकिंग खिडकीवर एकपानी नकाशा लावणं जास्त उपयोगी पडतं, कारण मार्ग तिथेच सांगितला जातो.

कमान, खांब आणि एकेरी

उंचीची कमान बसवा, अशी मागणी येतेच. पण ट्रक अडवणारी कमान अग्निशमनाचा बंबही अडवते, आणि या रस्त्यावर तीन-चार मजली इमारती आहेत. रुंदी आवळणारे खांब लावले तरी तीच अडचण. मग बंबासाठी कुलूपबंद वाट ठेवावी लागते आणि किल्ली कुणाकडे, हा प्रश्न रात्रीच उभा राहतो.

तोंडाशी कोपऱ्याची गोलाई कमी करणं हा सौम्य आणि टिकाऊ उपाय आहे. नऊ मीटर त्रिज्येचा कोपरा पाचवर आणला की लांब गाडीला वळायला दोन्ही मार्गिका व्यापाव्या लागतात आणि चालक परत तिथे येत नाही. मात्र वळताना ट्रेलरची मागची चाकं आतल्या बाजूने कापत जातात, म्हणून कोपऱ्यावर पदपथाच्या कडेला मजबूत खांब हवेतच; नाहीतर ती चाकं जिथे मुलं उभी असतात तिथेच चढतील. कोपरा आवळण्यापूर्वी बंब आणि कचरागाडी प्रत्यक्ष वळवून पाहावी, खडूच्या रेघांवर.

सगळ्यात पक्का उपाय म्हणजे रस्त्याचे दोन तुकडे करून दोन्ही एकेरी, मध्याकडून बाहेरच्या दिशेने. आरपार जाणंच संपतं, पोलीस लागत नाही. किंमत रहिवासी मोजतात: घरी यायला प्रत्येकाला बाजूच्या गल्लीतून वळसा. ती गल्ली तेवढी सक्षम असेल आणि लोकांनी नकाशा पाहून होकार दिला असेल तरच हे करावं.

तपासणी कुठल्या टोकाला

शिरताना अडवलं की प्रत्येक चालक ‘माल द्यायचा आहे’ म्हणतो आणि ते खोटं ठरवता येत नाही. बाहेर पडतानाच्या टोकाला उभं राहावं. नुकताच शिरलेला ट्रक चार मिनिटांत दुसऱ्या टोकाला आला आणि बिल्टीवर या हद्दीतला पत्ता नाही, तर बोलायला काही उरत नाही. दोन टोकांना दोन माणसं, फोनवर नंबर आणि वेळ. कॅमेरे असतील तर तेही हेच काम करतात, पण दंड जाण्याआधी प्रत्येक जोडी माणसाने पाहावी, वगळलेल्या वाहनांची यादी जुळवून. तपासणीच्या टोकाला ट्रेलर उभा राहील अशी किमान २५ मीटर मोकळी जागा आधी राखावी. नाहीतर पहिल्याच कारवाईत रस्ता बंद पडतो आणि लोकांच्या शिव्या पोलिसांना पडतात.

फेरतपासणी

एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी, त्याच वारी, त्याच जागी, त्याच पद्धतीने पुन्हा मोजावं. चार आकडे शेजारी ठेवावेत: आरपार ट्रक, कामाचे ट्रक, समांतर गल्ल्यांतले ट्रक, चौकातली सगळ्यात लांब रांग.

३०० चे ६० झाले आणि बाकी आकडे जागच्या जागी असतील, तर आदेश कायम करावा आणि उरलेल्या साठांचे नंबर पाहावेत. त्यात बहुधा मोजक्याच वाहतूकदारांच्या गाड्या सापडतात. त्यांच्याशी थेट बोलणं गस्तीपेक्षा स्वस्त पडतं. कामाचे १२० वाढून १८० झाले, तर दुकानदारी वाढलेली नाही, कुणीतरी आत गाडी पंधरा मिनिटं उभी करून सीमेच्या पलीकडे जातंय. तिथे बिल्ट्या तपासाव्यात. आरपार २०० च्या खाली येतच नसतील आणि चौकातली रांगही वाढलेली नसेल, तर चालकांना फलक वेळेत दिसत नाहीत. आरपार घटले पण रांग सरळ मार्गिकेत शिरली, तर सिग्नलचे सेकंद कमी पडले.

समांतर गल्लीत शंभरेक ट्रक वाढले असतील, तर तिथल्या लोकांची झोप या रस्त्यावरच्या झोपेइतकीच मोलाची आहे. अशा वेळी दोन रस्त्यांसाठी दोन आदेश काढत बसण्यापेक्षा मोठ्या रस्त्यांनी वेढलेल्या सगळ्या पट्ट्यावर एकच आदेश काढावा आणि फलक त्या पट्ट्याच्या प्रत्येक तोंडाशी न्यावेत. म्हणून पहिल्या मोजणीतच त्या सगळ्या तोंडांची यादी करून ठेवायची असते.